काचेच्या प्लेटवरचा मेटाडेटा: युजेन अत्जे आणि आपली बीडीडी चाळ

वरळीच्या बीडीडी चाळी एकेक करत पाडल्या जातायत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांचं घर, तेही घरातच संडास असलेलं. याचं वाईट वाटायचं काही कारण नाही. पण जाता जाता चाळीचे जे हजारो फोटो निघतायत, ते वीस वर्षांनी कुणाला सापडतील का? याचं उत्तर मला एका फ्रेंच माणसाच्या आयुष्यात मिळालं.

युजेन अत्जे १८५७ मध्ये लिबूर्न गावी जन्मला. आईवडील लहानपणीच गेले. आजी-आजोबांनी वाढवलं. आधी जहाजावर नोकरी, मग नाटक कंपनीत छोट्या भूमिका. घशाच्या दुखण्याने नाटक सुटलं, चित्रकलेत डाळ शिजली नाही. तेव्हा तिशीच्या आसपास त्याने कॅमेरा हातात घेतला आणि चित्रकारांना संदर्भासाठी फोटो विकायला लागला. स्वतःला तो कलाकार म्हणवत नसे.

१८९७ च्या सुमारास तो जुन्या पॅरिसच्या मागे लागला. रुंद रस्त्यांसाठी तिथल्या जुन्या वस्त्या कित्येक वर्षं पाडल्या जात होत्या. लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेटा घेऊन तो बहुतेकदा सकाळी लवकर निघायचा. कोपऱ्यावरची दुकानं, पाट्या, जिने, दारांच्या कड्या, फेरीवाले, काहीच सोडायचा नाही. बिएव्र नदीकाठचे चामड्याचे कारखाने त्याने टिपले. १९१२ पर्यंत शहरातली ती अख्खी नदीच झाकली गेली. एक्स्पोजर लांब असल्यामुळे हलणारी माणसं त्याच्या फोटोंत भुतासारखी धूसर दिसतात. आपला नाइट मोड अनेक फ्रेम जुळवून हा घोळ निस्तरतो, त्याच्याकडे कसलं सॉफ्टवेअर!

मला, कोड लिहिणाऱ्याला, भावते ती त्याची शिस्त. प्लेटवर तो नंबर कोरायचा, छापलेल्या फोटोमागे पेन्सिलने जागेचं नाव लिहायचा, विषयवार मालिका लावायचा. हाताने लिहिलेला मेटाडेटाच हा! ग्रंथालयं, संग्रहालयं त्याचे फोटो विकत घ्यायची, कारण कुठला फोटो कुठला हे कळायचं. १९२० मध्ये फ्रेंच सरकारने त्याच्या २,६०० हून जास्त निगेटिव्ह १०,००० फ्रँकना घेतल्या. त्याच वर्षी इकडे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झालं, म्हणजेच आपल्या चाळींच्या नावातलं बीडीडी.

१९२७ च्या ऑगस्टमध्ये अत्जे गेला. घरात उरलेल्या प्लेटा बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन फोटोग्राफरने विकत घेतल्या, चाळीस वर्षं सांभाळल्या आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला दिल्या.

आपला फोन तारीख आणि लोकेशन आपोआप फोटोत लिहितो, फक्त कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती गळते आणि फोटोही दाबला जातो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जीपीएसला मजला मात्र कळत नाही. इमारत क्रमांक, मजला, कुठल्या टोकाचा जिना, खालच्या दुकानात काय मिळायचं, हे फाइलच्या नावात तुम्हालाच टाइप करावं लागेल, आणि ते आजीला विचारूनच.