आनंदीबाईंचा क्षय आणि आजचा आमवात
कल्याणच्या गणपतराव जोशींची मुलगी यमुना नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळरावांशी लग्न होऊन आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले आणि डॉक्टर होण्याचा निश्चय पक्का झाला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण रुजू होण्याआधीच क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. औषध मात्र नव्हते. भरवसा होता तो फक्त शरीरातील भक्षक पेशींचा. टीएनएफ या प्रथिनाच्या इशाऱ्यावर त्या जंतूंना कोंडून ठेवतात. नायट्रिक ऑक्साइड वायू हे त्यांचे एक अस्त्र मानले जाते.

आमवातात हीच फौज स्वतःच्या सांध्यांवर उलटते. तिथेही नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतो आणि कूर्चेची झीज वाढते. टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी सूज उतरते, पण शरीरात दडलेला क्षय डोके वर काढू शकतो. म्हणून ही इंजेक्शने घेण्याआधी क्षयाची तपासणी टाळू नये. क्षय आढळला तर आज औषधे आहेत. आनंदीबाईंच्या वाट्याला ती आली नाहीत.