हान्स बर्गर : मेंदूच्या लहरी सापडल्या, तरी पाच वर्षं गप्प राहिलेला डॉक्टर

फिट येणाऱ्या रुग्णाला डॉक्टर अनेकदा ईईजी काढायला सांगतात. डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारी ही तपासणी जर्मनीच्या हान्स बर्गर यांची देणगी.

त्यांचा जन्म १८७३चा. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या चाकाखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला काहीतरी विपरीत घडल्याचं जाणवलं होतं. एका मनातलं दुसऱ्या मनाला कळतं कसं, हा प्रश्न बर्गर यांच्या डोक्यात बसला. खगोलशास्त्र सोडून ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि येना शहरातल्या मनोरुग्णालयात रुजू झाले.

प्राण्यांच्या मेंदूतली वीज ब्रिटनच्या रिचर्ड केटन यांनी १८७५मध्येच दाखवली होती. माणसाच्या मेंदूतली वीज बर्गर यांनी १९२४मध्ये टिपली. पण हे संकेत व्होल्टच्या काही लाखांशांएवढे क्षीण. ते खरंच मेंदूतून येतात, की हृदयातून, स्नायूंतून, की यंत्राचाच दोष? या शंकेपायी त्यांनी पुन्हा पुन्हा मोजणी केली, अगदी स्वतःच्या मुलावरही. शोधनिबंध छापला थेट १९२९मध्ये. डोळे मिटल्यावर सेकंदाला साधारण १० लहरी दिसतात आणि डोळे उघडल्यावर त्या विरतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

तरीही अनेकांचा विश्वास बसला नाही. चित्र पालटलं १९३४मध्ये. केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी आपल्या उपकरणांवर तोच प्रयोग केला. माणसं वेगळी, यंत्र वेगळं, पण लहरी त्याच निघाल्या. एड्रियन तर नोबेल विजेते होते. त्यानंतर ईईजी जगभर पोहोचला.

बर्गर यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाझी राजवटीत ‘आनुवंशिक दोषा’च्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचे निकाल देणाऱ्या न्यायालयात तेही बसले होते. १९४१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मनामनांतला तो दुवा त्यांना कधीच सापडला नाही.

आज ब्रिटनच्या यूके बायोबँकेत सुमारे ५ लाख लोकांची जनुकीय माहिती आहे आणि त्यांतल्या हजारोंचे मेंदूचे एमआरआयही. एवढ्या पसाऱ्यात योगायोगानेही काहीतरी नातं दिसू शकतं. म्हणून संशोधक विश्लेषणाचे प्रोग्रॅम खुले ठेवतात आणि निष्कर्ष दुसऱ्या गटातल्या लोकांवर पडताळून पाहतात. केंब्रिजमध्ये १९३४ साली झालं ते हेच.