फर्ग्युसन : ट्रॅक्टर आणि नांगर एक करणारा माणूस

आपल्या हॉस्टेलवर शेतकऱ्यांची पोरं कमी नाहीत. त्यांना ‘मॅसी’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन कोण, म्हणून मी विंगमध्ये विचारलं, तर बहुतेकांनी कंपनीचं नाव आहे एवढंच सांगितलं. तो माणूस होता राव, आणि नुसता माणूस नाही, पक्का हट्टी मेकॅनिक.

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडमधल्या काउंटी डाउनमध्ये ग्रोवेल इथला. घरात अकरा भावंडं आणि बाप शेतकरी. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पण शेतातलं राबणं काही ह्या पोराला मानवलं नाही. १९०२ साली तो बेलफास्टला मोठ्या भावाच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात दाखल झाला. तिथे इंजिनावर हात बसला. मग मोटारसायकलच्या शर्यती, मग विमानाचं वेड. ३१ डिसेंबर १९०९ ला हिल्सबरोला त्याने स्वतः बांधलेलं विमान जेमतेम १३० यार्ड उडवलं. इंजिनाच्या जोरावर आयर्लंडमध्ये झालेलं हे पहिलं उड्डाण. म्हणजे शेतीतून पळालेला पोरगा आकाशात गेला, आणि पुढे नशिबाने त्याला परत मातीतच आणून सोडला!

झालं असं, की पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई होती. १९१७ साली तिथल्या शेती खात्याने आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारायला फर्ग्युसनला सांगितलं. सोबत त्याचा सहकारी विल्यम सँड्स होता. गावोगाव फिरताना फर्ग्युसनला दिसलं, की ट्रॅक्टर आला तरी नांगर मागे बांधून घोड्यासारखाच ओढला जातोय. फाळ दगडाला अडकला की नांगर जागच्या जागी थांबायचा, मागची चाकं मात्र जोर लावत राहायची. मग पुढची चाकं उचलली जायची आणि अख्खा ट्रॅक्टर मागे उलटून ड्रायव्हरच्या अंगावर पडायचा. अशी माणसं मेलीत. इतरांचा उपाय सोपा, ट्रॅक्टर आणखी जड करा. फर्ग्युसनला हे पटेना, कारण जड ट्रॅक्टर माती दाबतो आणि डिझेल-पेट्रोलही जास्त पितो.

त्याने ट्रॅक्टर आणि नांगर मिळून एकच मशीन मानलं. खाली दोन दांड्या आणि वर एक टॉप लिंक, हेच आपलं थ्री पॉइंट लिंकेज. नांगर मातीत ओढला जाताना टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते, त्यामुळे नाक वर उचलायच्या ऐवजी खाली दाबलं जातं. नांगर जास्त खोल गेला की टॉप लिंकवरचा दाब वाढतो, स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह हलतो आणि हायड्रॉलिक पंप नांगर किंचित वर घेतो. विरोध कमी झाला की नांगर परत खाली. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण जो फीडबॅक लूप काढून मार्क मिळवतो, तो ह्या चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाने शेतात चालवला. नांगराची खोली अशी आपोआप सांभाळायचं त्याचं पेटंट १९२५ चं आहे.

पुढे १९३३ साली त्याने स्वतःचा काळा ट्रॅक्टर बनवला. १९३६ पासून डेव्हिड ब्राउनबरोबर उत्पादन सुरू केलं आणि त्याच्याशी पटलं नाही. मग १९३८ च्या शरदात अमेरिकेत हेन्री फोर्डसमोर प्रात्यक्षिक दिलं. फोर्ड खूश. दोघांनी हात मिळवले आणि करार झाला, कागद नाहीच! १९३९ मध्ये ९एन ट्रॅक्टर बाजारात आला. मात्र म्हाताऱ्या फोर्डनंतर सूत्रं हातात आलेल्या नातवाने तो व्यवहार मोडला आणि त्याच हायड्रॉलिकचा ८एन १९४७ साली स्वतःच्या नावावर विकायला काढला. फर्ग्युसन कोर्टात गेला. मागणी पंचवीस कोटी डॉलरच्या वरची होती. १९५२ मध्ये तडजोड होऊन साडेब्याण्णव लाख डॉलर हाती आले. मला विचाराल तर ही फर्ग्युसनच्या आयुष्यातली सगळ्यात महाग केस, कारण वितभर कागदाने ती टळली असती.

तोवर कॉव्हेंट्रीत त्याचा करड्या रंगाचा टीई२० जोरात चालला होता. १९४६ ते १९५६ मध्ये पाच लाखांवर निघाले. सर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले ते ह्याच ट्रॅक्टरांना पट्टे लावून. ट्रॅक्टरसोबत मिळणारा एकच पाना जवळपास सगळ्या ॲडजस्टमेंटना चालायचा, आणि त्याच्यावर इंचांच्या खुणा होत्या, नांगरटीची खोली मोजायला. ड्रायव्हरने अंदाजावर काम करू नये, हा त्याचा हट्ट.

१९५३ मध्ये त्याने कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. किमतीत दहा लाख डॉलरचा वाद अडला तेव्हा त्यानेच नाणेफेक सुचवली आणि तो हरला! नंतर आलेल्या ३५ मॉडेलवर डॅशला ट्रॅक्टरमीटर आला. इंजिनाचा आरपीएम, कामाचे तास आणि पीटीओ ५४० फिरतो तिथली खूण, सगळं एकाच तबकडीवर. मळणी यंत्र चालवताना ही खूण दिसली नाही तर कानावर भरवसा ठेवावा लागतो, आणि वेग वर गेला तर यंत्राचं आणि दाण्याचंही नुकसान होतं.

जुन्या ३५ चा हा काटा मेला की लोक थेट मीटर बदलतात. थांबा! आधी ड्राइव्ह कुठून येते ते बघा. फॅन बेल्ट डायनामोला फिरवतो, डायनामोच्या मागे छोटा गिअरबॉक्स असतो आणि त्यातून केबल मीटरला जाते. बेल्ट घसरत असेल तर काटा कमी दाखवतो आणि चार्जिंगही कमी होतं. बेल्ट ठीक असेल तर मीटरकडचं केबलचं टोक सोडा आणि इंजिन आयडलला ठेवा. आतली तार फिरत असेल तर दोष मीटरमध्ये. फिरत नसेल तर इंजिन बंद करून डायनामोकडचं टोक सोडा आणि तार बोटाने फिरवा. दुसरं टोक फिरलं नाही तर तार तुटली. फिरलं, तर तारेचं चौकोनी टोक झिजून गोल झालंय का बघा, नाहीतर गिअरबॉक्सचे दात गेलेत. एक लक्षात ठेवा, मीटर किंवा गिअरबॉक्स जाम असेल तर नवी तारही तुटते, म्हणून दोन्ही हाताने फिरवून बघितल्याशिवाय केबल घालू नका. आणि डायनामो काढून अल्टरनेटर बसवला असेल, तर मागची ड्राइव्हच गेलेली असते. मग मीटर काय करणार?

१९५४ साली फर्ग्युसन कंपनीतून बाहेर पडला आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोटारींच्या मागे लागला. मद्रासला टॅफे ही कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने १९६० मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला तो गेला. त्याच्या चमूने बनवलेली पी९९ ही फोर-व्हील ड्राइव्ह रेसिंग कार स्टर्लिंग मॉसने सप्टेंबर १९६१ मध्ये ऊल्टन पार्कला जिंकून दाखवली. बघायला तो नव्हता.