मेहली मेहता : आधी वाद्यवृंद, मग निर्देशक

कंडक्टर म्हटले की सुरगाण्यासारख्या तालुक्याच्या गावी एस.टी.ची घंटा आठवावी, हे स्वाभाविकच आहे. या भागात बोहाड्याच्या रात्री संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर सोंगे नाचतात. वादकांपुढे उभा राहून नुसते हात हलविणारा माणूस तेथे कोणास लागत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. साठ-सत्तर वादक, प्रत्येकापुढे आपापले स्वरलेखन, आणि त्या सर्वांचा मेळ एका छडीने साधणारा निर्देशक. व्हायोलिन शिकणाऱ्यास एक व्हायोलिन पुरते. निर्देशकाचे वाद्य माणसांचे असते. त्याच्या तासाभराच्या सरावालाही साठ माणसांचा वेळ खर्ची पडतो, आणि तो वेळ फुकट मिळत नाही.

मेहली मेहता यांच्या जीवनाचा अर्थ या हिशेबावाचून लागत नाही. झुबिन मेहतांचे वडील एवढीच त्यांची ओळख आज बहुतेकांच्या मनात उरली आहे. ती अपुरी आहे.

त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईच्या एका पारशी कुटुंबात झाला. व्हायोलिन ते बव्हंशी स्वतःच्या बळावर शिकले. यशा हायफेट्झ हा त्यांचा आदर्श. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली आणि प्रमुख व्हायोलिनवादक म्हणून त्यातच बसले. निर्देशनाची त्यांची शाळा तीच. आकाशवाणीच्या संकेतधुनीचे जनक मानले जाणारे वॉल्टर कॉफमन यांचा सहवासही त्यांना याच काळात लाभला. वृंदात हौशी पारशी होते, गोव्याचे वादक होते, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसे होती. गोव्याच्या वादकांचे पोट सिनेमाच्या स्टुडिओंवर आणि हॉटेलांवर चाले. बीथोव्हेनची तालीम उरलेल्या वेळात. टाळ्या देणारा श्रोता मुंबईत होता, पण साठ संसार चालतील एवढा पैसा त्याच्या तिकिटातून उभा राहत नव्हता.

१९४५ साली, सदतिसाव्या वर्षी, पत्नी व दोन लहान मुले मुंबईत ठेवून मेहली न्यूयॉर्कला इव्हान गॅलॅमियन यांच्याकडे विद्यार्थी म्हणून गेले. ज्या वयात माणूस बढतीची वाट पाहतो, त्या वयात पुन्हा श्रीगणेशा! परतल्यावर त्यांनी आपल्याच वृंदाची छडी हाती घेतली. घरीच चालणाऱ्या संगीतात झुबिन वाढले आणि १९५४ साली व्हिएन्नाला गेले.

त्यानंतर थोड्याच काळात वडीलही इंग्लंडला निघाले. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात, बार्बिरोली यांच्या हाताखाली, ते पुन्हा वादकांच्या रांगेत बसले. मुंबईत निर्देशक असलेल्या माणसाने हे पत्करावे, याला काही जण पायउतार होणे म्हणतील. वस्तुतः तेथे त्यांना प्रथमच असा वृंद भेटला, जेथे संगीत हाच वादकांचा पूर्णवेळ चरितार्थ होता. पुढे फिलाडेल्फियात कर्टिस चौकडीत काही वर्षे गेली.

१९६४ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, लॉस एंजलिसमध्ये त्यांनी तरुणांचा अमेरिकन यूथ सिंफनी उभारला व सुमारे ३३ वर्षे चालविला. व्यावसायिक वृंदांत जाण्यापूर्वीची तालीम शेकडो तरुणांना तेथे मिळाली. १९ ऑक्टोबर २००२ रोजी मेहली निवर्तले. मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वृंद २००६ साली उभा राहिला.