मुलांचे साने गुरुजी

महाराष्ट्रात थोर पुढारी पुष्कळ झाले आणि थोर लेखकही पुष्कळ झाले. परंतु ज्यांचे नाव घेताच मुलांना आपल्याच घरातील वडील माणसाची आठवण व्हावी, असे पुरुष विरळा. साने गुरुजी हे त्यांपैकी एक होत. गोष्ट, गीत आणि सेवा ही त्यांची साधने होती. त्यांच्या बळावर त्यांनी मुलांची मने जिंकली आणि ती देशकार्याकडे वळविली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. साने घराणे खोतांचे, एके काळचे संपन्न. पण पांडुरंगाच्या बालपणीच घरात दारिद्र्य आले. त्यांची आई यशोदाबाई ही फार शिकलेली नव्हती. परंतु मुलाच्या मनावर तिने जे संस्कार केले, ते जन्मभर पुसले गेले नाहीत. एकदा अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका म्हाताऱ्या बाईची लाकडांची मोळी रस्त्यात खाली पडली. ती पुन्हा डोक्यावर घेणे त्या दुबळ्या बाईला एकटीने शक्य नव्हते, आणि विटाळाच्या भीतीने कोणी पुढे होईना. आईने आपल्या मुलाला मोळी उचलून द्यावयास पाठविले. घरी आल्यावर स्नान करावे, असेही तिने सांगितले. कारण जुनी रूढी तिलाही पुरती मोडवत नव्हती. तरीही माणुसकी रूढीहून मोठी आहे, एवढे त्या मुलाला त्या दिवशी कळले. आईने दाखविलेल्या त्या वाटेवर पुढे तो फार दूरवर चालत गेला.

पांडुरंगाचे शिक्षण दापोली, औंध व पुणे येथे मोठ्या हालअपेष्टांत झाले. कधी अर्धपोटी राहावे लागे, कधी हाताने स्वयंपाक करावा लागे. पण त्याने विद्येची आस सोडली नाही. १९१७ साली आई निवर्तली. तिची अखेरची भेटही त्याला झाली नाही. हे दुःख त्याच्या अंतःकरणात खोल रुतून बसले.

पुढे पदवी संपादन करून ते अध्ययनासाठी खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात आले, आणि १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक झाले. लवकरच वसतिगृहाचा कारभारही त्यांच्याकडे आला. तेथील कित्येक मुले खेड्यापाड्यांतून आलेली, आईवडिलांवाचून प्रथमच राहणारी होती. कोणाची खोली अस्ताव्यस्त असे, कोणाचे अंथरूण तसेच पडलेले असे. गुरुजी कोणावर रागावत नसत. मुले बाहेर गेली की ते स्वतः खोली झाडीत, अंथरूण नीट घडी करून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. परतलेल्या मुलाला आपली खोली स्वच्छ झालेली दिसे आणि तो मनोमन ओशाळे. दुसऱ्या दिवसापासून केरसुणी तोच हाती घेई. शिक्षेने जे झाले नसते, ते अशा मूक सेवेने होई.

वसतिगृहासाठी गुरुजींनी एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. त्याचे नाव 'छात्रालय'. पहाटे सर्वत्र निजानीज असताना ते उठत आणि स्वतःच्या हाताने सबंध अंक लिहून काढीत. त्यात देशातील घडामोडी असत, थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे असत, कविता असत आणि वसतिगृहातील बारीकसारीक गोष्टींवर प्रेमळ टीकाही असे. पाठ्यपुस्तकात न सापडणारा देश मुलांना या हस्तलिखित पानांत सापडू लागला. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले, आणि हेच विचार अमळनेरबाहेरच्या मुलांपर्यंत जाऊ लागले.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला. ज्या देशाच्या गोष्टी आपण मुलांना सांगितल्या, तो देश हाक मारीत असताना आपण शाळेत बसून राहावे, हे गुरुजींना पटेना. त्यांनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. मुलांना सोडून जाणे त्यांना सोपे गेले नसेल. परंतु स्वतः आचरून दाखविलेला धडाच खरा, हे ते जाणून होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

गुरुजींना तुरुंगवास वारंवार घडला. पण तुरुंगातही त्यांची शाळा सुटली नाही. दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही एकत्र आले होते. तेथे गुरुजी तमिळ शिकू लागले, आणि पुढे त्या भाषेतील 'कुरल' हा प्राचीन ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन करीत. ती प्रवचने गुरुजींनी भरभर लिहून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्याला वाचावयास मिळतो.

त्यानंतर नाशिकच्या तुरुंगात असताना, फेब्रुवारी १९३३ मध्ये, त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतले. दिवसा तुरुंगातील कामे करावी आणि उरलेल्या वेळी लिहावे, असा क्रम चालू झाला. आईच्या आठवणी इतक्या दाटून आल्या, की बहुतेक पुस्तक अवघ्या चारपाच दिवसांत लिहून झाले. त्यात राजाराणी नाहीत, अद्भुत पराक्रम नाहीत. एक गरीब घर आहे आणि त्या घरातील आई आहे. तरीही १९३५ साली ते प्रसिद्ध झाल्यापासून महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी ते डोळे पुशीत वाचले. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावरून १९५३ साली काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. 'धडपडणारी मुले', 'भारतीय संस्कृती', 'गोड गोष्टी' अशी कितीतरी पुस्तके गुरुजींनी लिहिली. मुलांसाठी लिहिणे हे त्यांनी कधी कमी प्रतीचे काम मानले नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यापूर्वी खेड्यात असे अधिवेशन कधी झाले नव्हते. ते यशस्वी व्हावे म्हणून गुरुजी गावोगाव हिंडले. शेतकरी व गिरणी कामगार यांच्या प्रश्नांसाठीही ते झटले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत राहून काम केले, आणि पकडले गेल्यावर पुन्हा कारावास भोगला.

या काळात राष्ट्र सेवा दल ही तरुणांची संघटना महाराष्ट्रात वाढत होती. तिच्या शाखांवर मुले खेळत, कवायत करीत आणि समतेची गाणी गात. गुरुजी या तरुणांचे स्फूर्तिस्थान झाले. सेवा दलाचे कलापथक पोवाडे, समूहगीते व छोटी नाटके घेऊन गावोगाव जाई. जे लोक भाषणाला येत नसत, ते डफाचा आवाज ऐकून चौकात जमत. आणि हसता हसता, गाता गाता, जातिभेद व अन्याय यांचा विचार करू लागत.

त्या तरुणांची आणि गुरुजींची खरी कसोटी लागली ती पंढरपूरच्या प्रश्नावर. विठोबा हे अवघ्या महाराष्ट्राचे दैवत; परंतु त्याच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. ज्या संत चोखामेळ्याचे अभंग वारकरी गातात, त्याची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना देवाचे द्वार आपल्याच भावांना बंद राहावे, हे गुरुजींना असह्य झाले, आणि त्यांनी प्राणांतिक उपोषणाचा निश्चय केला. त्याआधी लोकमत जागे करावे, असा सहकाऱ्यांनी आग्रह धरला. तेव्हा गुरुजींनी सारा महाराष्ट्र पिंजून काढला. सेनापती बापट यांच्यासारखे वृद्ध देशभक्त त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि सेवा दलाचे तरुण आपल्या गीतांसह या कामी पुढे आले.

तरीही पंढरपूरचे द्वार उघडले नाही. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी तेथील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. अनेकांनी विरोध केला. गांधीजींना तर कोणी चुकीची माहिती पुरविली, आणि त्यांनी उपोषण सोडण्याविषयी तार पाठविली. गांधीजींना गुरुजी दैवतासमान मानीत. त्यांचा शब्द मोडणे हे उपासमारीहून कठीण होते; परंतु आपला मार्ग सत्याचा आहे, अशी त्यांच्या मनाची ग्वाही होती. ते ढळले नाहीत. अखेर, पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांच्या मध्यस्थीस यश आले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी गुरुजींनी उपोषण सोडले. बालपणी एका म्हातारीची मोळी उचलून देणाऱ्या हातांनी एका सबंध समाजाच्या डोक्यावरील ओझे हलके केले होते.

स्वातंत्र्यानंतर गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, गाणी व कथा जाणून घ्याव्या आणि त्यातून भारताची एकता दृढ व्हावी, यासाठी त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पेरलेल्या बीजाचाच तो अंकुर होता. परंतु तो वृक्ष झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

गुरुजींपाशी धन नव्हते, सत्ता नव्हती आणि मोठे अधिकारपदही नव्हते. त्यांचा स्वभाव हळवा होता. डोळे चटकन भरून येत. परंतु अन्याय दिसताच तेच हळवे मन वज्रासारखे कठीण होई. ज्याला दुसऱ्याच्या दुःखाने रडू येते, तोच ते दुःख दूर करण्यासाठी झगडू शकतो, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे.