साने गुरुजी : छात्रालयातील मुलांचे कथाकार

निवासी शाळेतील मुलाच्या आयुष्यात दिवस कसाही सरतो. कठीण असते ती संध्याकाळ. दिवे लागले की घर आठवते, आई आठवते. ही हुरहुर ओळखून तिला गोष्टीची वाट दाखविणारा एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेला. पांडुरंग सदाशिव साने हे त्याचे नाव. अवघा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलांसाठी निघणाऱ्या या स्मरणिकेत त्यांच्या जीवनाचे हे अंग आम्हांस मांडावेसे वाटते.

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, परंतु वडिलांच्या काळात वैभव ओसरले, कर्ज वाढले आणि घरात दारिद्र्य आले. शिकण्याची ओढ मात्र कायम होती. गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असे कळल्यावर ते दूर औंध संस्थानात गेले, पुढे पुण्यास आले. परक्या गावी अर्धपोटी राहून शिकणे म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते भोगले होते. 1917 साली, ते असे घरापासून दूर असतानाच, त्यांची आई वारली. शेवटची भेटही झाली नाही. ही वेदना त्यांच्या मनात पुढे सोळा वर्षे तशीच राहिली.

1924 साली ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. शिस्तीचा धाक दाखविणारे व्यवस्थापक होण्याऐवजी त्यांनी मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, आजारी मुलांची शुश्रूषा केली. या सेवेइतकीच मोलाची अशी आणखी एक गोष्ट त्यांनी केली. ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढू लागले. ना छापखाना, ना वर्गणीदार. रात्री गुरुजींनी लिहावे आणि सकाळी मुलांनी ते वाचावे. त्यात थोरांची चरित्रे असत, गोष्टी असत, देशातील घडामोडी असत, आणि छात्रालयातील रोजच्या जगण्यावरील चार शब्दही असत. आपल्या लहानशा जगाविषयीही कोणी लिहू शकते, हे पाहिलेल्या मुलाची लेखणीची भीती पुष्कळ कमी होते. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले.

1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि तुरुंगवास सुरू झाला. 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. या पुस्तकाची मांडणी पाहण्याजोगी आहे. श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. म्हणजे मराठीतील हे अत्यंत लोकप्रिय पुस्तक मुळात कथाकथनच आहे. त्यात राजवाडा नाही, पराक्रम नाही. मिठाविना झालेली भाजी, झाडावरून अकाली तोडलेल्या कळ्या, घरातील ओढाताण, एवढेच आहे. ज्या गोष्टी सांगण्यासारख्या नाहीत म्हणून आपण सोडून देतो, त्याच गुरुजींनी सांगितल्या.

याच पुस्तकातील एका प्रसंगापाशी मात्र आम्ही नेहमी थांबतो. लाकडाची मोळी घेऊन निघालेल्या एका वृद्ध महार स्त्रीला ती मोळी डोक्यावर चढविण्यास कोणी हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला तिच्या मदतीस पाठविते; पण परतल्यावर स्नान करण्यासही सांगते. त्या माऊलीची करुणा खरी होती आणि तिच्या भोवतीचे रूढीचे कुंपणही खरे होते. गुरुजींनी दोन्ही लिहिले. आईला अधिक थोर दाखविण्यासाठी ते स्नान त्यांना सहज गाळता आले असते. ते त्यांनी गाळले नाही. खरे लिहिण्याचा हा धडा विद्यार्थ्यांनी जरूर घ्यावा.

ज्या नाशिकच्या तुरुंगात ही आठवण लिहिली गेली, त्याच नाशिकमध्ये 1930 च्या मार्चपासून काळाराम मंदिराच्या दारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. पुढे बाबासाहेबांनी मंदिराची वाट सोडून स्वाभिमानाची निराळी वाट धरली. गुरुजींना वाटे की, दार बंद करणाऱ्यांचे मन पालटणे हे आपले काम आहे. त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरास दहा दिवस उपोषण केले. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच ते सुटले. आईला जे कुंपण ओलांडता आले नाही, ते मुलाने पुढे प्राण पणास लावून ओलांडू पाहिले.

15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. देशोदेशींच्या कथा मुलांसाठी सोप्या मराठीत आणल्या, पुतणीला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ साऱ्याच मुलांची झाली. 11 जून 1950 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात स्थापन झालेल्या कथामालेने गावोगावी मुलांना गोष्टी सांगण्याचा त्यांचा वसा पुढे चालविला.

आता एक विचार आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. मोळीची ती गोष्ट श्यामने सांगितली. त्या वृद्धेच्या नातवाने किंवा नातीने सांगितली असती, तर ती कशी झाली असती? आजीचे दुखणारे पाय, त्या दिवशीची चूल, मदतीनंतरच्या स्नानाची कळलेली बातमी, हे सारे त्यात आले असते. त्या काळी त्या नातवंडाच्या हाती लेखणी नव्हती. ती हाती आली तेव्हा दया पवारांचे ‘बलुतं’ आले, शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ आले, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आले. या बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे मुलांसाठी आश्रमशाळाही चालविली, हे आपण विसरू नये.

आमच्या वसतिगृहातील मुले ऊसतोडीच्या फडावरून, वीटभट्टीवरून, शहरांतील वस्त्यांमधून आलेली असतात. त्यांना वाटते, आपल्यापाशी लिहिण्यासारखे काय आहे? म्हणून निबंधात ती पाठ केलेली पहाट आणि पाठ केलेला पाऊस लिहितात. शिक्षकांनी त्यांना शुद्धलेखनाच्या आधी विश्वास द्यावा. संध्याकाळच्या वंदनेनंतर एखाद्याने आपल्या घरची गोष्ट सांगावी, इतरांनी ती न हसता ऐकावी, दुसऱ्या दिवशी ती वहीत उतरावी आणि भित्तिपत्रकावर लागावी. चुका मागाहून सुधारता येतात. अमळनेरच्या छात्रालयात एका शिक्षकाने कागद आणि दौत एवढ्याच भांडवलावर दैनिक चालविले. तेवढे भांडवल आपल्याही शाळेत आहे, आणि सांगण्याजोग्या आया तर घरोघरी आहेत.