ऑर्लिआंची कुमारी संत जोन

फ्रान्स देशाचें स्वातंत्र्य इ. स. १४२९ च्या प्रारंभीं अगदीं एका धाग्यावर लोंबत होतें. १४२० च्या त्रुआ येथील तहानें राजपुत्र चार्ल्स याचा वारसा नाकारून तो इंग्लंडच्या राजास दिला होता. पॅरिस शत्रूच्या हातीं होतें, आणि ऑर्लिआं शहरास आक्टोबर १४२८ पासून वेढा पडला होता. अशा वेळीं दोंरेमी गांवच्या एका शेतकऱ्याची सुमारें सतरा वर्षांची निरक्षर मुलगी पुढें आली.

तेराव्या वर्षापासून तिला संत मायकल, संत कॅथरीन व संत मार्गारेट यांची वाणी ऐकूं येत असे. व्होकूलरच्या किल्लेदारानें तिला प्रथम घरीं परत धाडलें. राजपुत्रानें मात्र प्वातिए येथें धर्मपंडितांकडून तिची परीक्षा करविली, व ती कसास उतरली. पुढील पराक्रम सर्वश्रुतच आहे. ७ मे रोजीं बाण लागूनहि ती रणांतून हटली नाहीं. ८ मे रोजीं वेढा उठला. १७ जुलै रोजीं रीम्सच्या कॅथेड्रलांत चार्ल्सला राज्याभिषेक झाला, तेव्हां ती आपलें निशाण घेऊन जवळ उभी होती.

लढायांचें वर्णन आम्ही येथेंच थांबवितों. आमचें मन अधिक घोटाळतें तें रुआं येथील न्यायासनापाशीं. २३ मे १४३० रोजीं कोंपियेन्य येथें बर्गंडीच्या सैनिकांनीं तिला पकडलें, आणि इंग्रजांनीं दहा हजार लिव्र मोजून विकत घेतलें. ज्याला तिनें मुकुट मिळवून दिला, त्या राजानें तिला सोडविलें नाहीं! आणि खटला चालविला तो बिशप पिएर कोशों यांनीं. हें लिहितांना आमची लेखणी अडखळते. तरी सत्य झांकून ठेवणें धर्मगुरूस शोभत नाहीं. धर्मसभेच्या बंदिशाळेंत स्त्रियांच्या पहाऱ्यांत ठेवावयाची ती मुलगी इंग्रज शिपायांच्या हवालीं केली गेली. पोप महाशयांकडे तिनें मागितलेली दाद पुढें पाठविली गेली नाहीं. ती देवाच्या कृपेंत आहे काय, असाहि प्रश्न तिला विचारण्यांत आला. होय म्हणावें तर गर्व, नाहीं म्हणावें तर पापाची कबुली. तिनें आपला निवाडा देवावरच सोंपविला, आणि पंडित निरुत्तर झाले. २४ मे १४३१ रोजीं चितेच्या भयानें तिनें माघारपत्रावर खूण केली खरी. परंतु थोड्याच दिवसांत ती पुनः आपल्या शब्दावर उभी राहिली. ३० मे रोजीं सकाळीं तिनें कम्युनियन घेतलें. नंतर जुन्या बाजारांत, डोळ्यांपुढें क्रूस व मुखीं येशूचें नांव असतां, तिला जाळण्यांत आलें. वय अवघें एकोणीस.

१४५३ पर्यंत कॅले खेरीज इंग्रजांच्या हातीं फ्रान्सांत कांहींच उरलें नाहीं. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं १६ मे १९२० रोजीं जोनला संतपद दिलें. परंतु तिच्यावरील कलंक त्यापूर्वींच धुतला गेला होता, आणि त्यासाठीं झगडली ती तिची वृद्ध माता इझाबेल. पोप तिसरे कॅलिक्स्तस यांची अनुज्ञा मिळाल्यावर, नोव्हेंबर १४५५ मध्यें, ती पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलांत जाऊन न्याय मागती झाली. साक्षीदार तपासले गेले, आणि ७ जुलै १४५६ रोजीं रुआं येथेंच पहिला निकाल रद्द ठरला. बिशप कोशों १४४२ मध्येंच वारले होते. इझाबेल १४५८ पर्यंत जगली.